लसूणमामांचा अर्क

शेतकी प्रयोगशाळेतले लसूणमामा तीस वर्षं एकच काम करत आले. लसूण ठेचायचा, पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि तो अर्क टोमॅटोच्या करप्यावर मारून बघायचा. करपा म्हणजे पानं काळी पाडणारी बुरशी. महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. त्याआधी अर्क पास व्हायला हवा, बस्स! नाहीतर तीस वर्षं पाण्यात.

आता चाचणीची रीत अशी, की काचेच्या दोन बश्यांत बुरशी पेरायची. एकीत अर्क घालायचा, दुसरी कोरी ठेवायची. कोरीत बुरशी माजली आणि अर्कात मेली, की झालं काम. पण मामांच्या हातून कोरीतही बुरशी उगवेना! लसूण त्यांच्या हाडामांसात इतका मुरला होता, की ते नुसते वाकून बघायला गेले तरी बुरशी मान टाकायची.

"मामा, श्वास रोखून बघत जा हो," प्रयोगशाळेच्या बाई काकुळतीला आल्या.

मामांनी श्वास रोखला, हातमोजे चढवले, लिंबू चोळून अंघोळी केल्या. छे! शेवटी अर्क तपासणारी समिती यायच्या आठवडाभर आधी बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बश्या स्वतः पेरल्या.

समितीसमोर बश्या उघडल्या. कोरीत बुरशी होतीच, अर्काच्या बशीत तर दुप्पट, चांगली धष्टपुष्ट!

"अर्क नापास," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, असं कसं?" म्हणत मामा आत धावले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही बश्यांतली बुरशी आडवी झाली. अध्यक्षांनी चष्मा पुसला, परत घातला. मग निर्णय झाला: अर्क नापास, मामा पास. भांडारबाबूने लगेच सामानाच्या नोंदवहीत लिहिलं, 'बुरशीनाशक यंत्र, एक नग, चालू स्थितीत'. आणि यंत्राला कसली आलीय निवृत्ती?

संध्याकाळी मामी शोधत आली. बाबूने वही पुढे सरकवली. "सामान बाहेर न्यायचं तर सही लागते, मामी. परत आणायची तारीखही घाला."

मामा कपाटाशेजारी उभे होते, नगाचा क्रमांक शर्टाला चिकटवलेला. त्यांचे डोळे भरून आले. "अर्क नापास झाला गं."

"होऊ दे मेला! तीस वर्षं वाट बघितली मी, कधी हा माणूस घरी सापडतोय म्हणून."

मामीने पेन घेतलं, तारखेच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'परत मिळणार नाही', आणि नवऱ्याचा हात धरून ती चालू लागली.