रक्त खाली बसेना

यांच्या नोकरीसाठी आम्ही वर्ध्याकडून कासारवाडीला आलो. पिंपरीच्या एका कारखान्यात यांना गार पाण्यात बाटल्या धुण्याचं काम मिळालं. पहिल्याच थंडीत यांचे गुडघे आणि कोपरं अशी ठणकू लागली, की हे उशी दातांत धरून विव्हळायचे. घरमालकीणबाईंनी बैलगाडी जुंपायला लावली आणि आम्हाला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण आणि हौशी. त्यांनी नुकतीच एक काचेची उभी नळी आणली होती. तिचं त्यांना भारी कौतुक.

"अंगात कुठे दाह असला की रक्तातल्या तांबड्या पेशी नळीत भराभर खाली बसतात," त्यांनी मला समजावलं.

यांचं रक्त नळीत भरून आम्ही सगळे समोरच्या बाकावर बसलो. तास उलटला. रक्त जागचं हललं नाही.

"दाह अजिबात नाही. तुमचे यजमान ठणठणीत आहेत!" डॉक्टर म्हणाले.

ठणठणीत यजमान तेवढ्यात "आई गं" म्हणत बाकावरून घसरले.

"दाक्तर," घरमालकीणबाई म्हणाल्या, "नळीला बरं वाटतंया, पर मानसाला न्हाई."

नळीच बिघडली असेल म्हणून डॉक्टरांनी कंपाउंडरकडून स्वतःचं रक्त काढवून तिच्यात भरलं. ते बघता बघता खाली गेलं आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. "एवढं? मला काय झालंय?"

"साहेब, ती दाढ..." कंपाउंडर चाचरला.

दात काढायच्या भीतीने डॉक्टर सुजलेली दाढ कित्येक दिवस लपवत होते. हे तेवढ्या कळांतही हसले. "काहून लपवता, डॉक्टरसाहेब?"

यांच्या रक्ताचा एक थेंब मात्र डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दाढ काढून, गालात कापूस धरूनच त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग आम्हाला बोलावून मलाही दाखवला. कितीतरी पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या.

"गोल पेशींची भाकरींसारखी चवड लागते, म्हणून त्या खाली बसतात. विळ्यांची चवड कशी लागणार?" ते कापसातून बोबडं बोलले. "दाह असला तरी यांच्या बाबतीत नळी गप्पच राहणार. हे विळेच गारठ्यात बारीक नसांत अडकतात आणि कळा येतात. मी उगाच यांना ठणठणीत ठरवलं." आणि त्यांनी यांचा हात हातात घेतला. इतके दिवस सगळे यांना कामचुकार म्हणत होते. यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रोग मुळापासून घालवणारं औषध नव्हतं. भरपूर पाणी, ऊब आणि विश्रांती, एवढंच. काम बदलून मागायला हे कारखान्यातल्या साहेबांकडे गेले आणि सरळ म्हणाले, "साहेब, माझ्या रक्तात विळा निघाला."

युनियनच्या धसक्याने आधीच बेजार झालेले साहेब खुर्चीतून उठले. "आणि हातोडा?"

खुलासा करायला शेवटी डॉक्टरांनाच जावं लागलं. गार पाण्याचं काम सुटलं, हे पॅकिंगला बसू लागले. कळा पुढेही यायच्या, पण आता निदान ढोंगी कुणी म्हणत नव्हतं. कॉम्रेड मात्र सगळेच म्हणायचे.