फादरना कोण सांगणार?

माझा नवरा आता बरा आहे. पण कोपरखैरण्यातल्या हॉस्पिटलात त्याचं ऑपरेशन चाललं होतं, त्या दुपारी बाकावर माझ्याशेजारी एक साठीची बाई बसली होती. समोरच्या आयसीयूचं दार उघडलं की ती दचकून उठायची, पदर डोक्यावर घ्यायची. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की पुन्हा बसायची. मुठीत जपमाळ होती.

"आत कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"आमच्या गावचे फादर."

ती डोंगराकडच्या एका खेड्यातली. फादर तरुणपणी तिथे आले, तेव्हा प्रार्थना कुडाच्या खोपटात व्हायची. मग गावातल्या बायकांनी नदीतले दगड डोक्यावरून वाहिले आणि चर्च उभं राहिलं. तिचं लग्न, पोरांचे बाप्तिस्मे, नवऱ्याची माती, सगळं फादरच्याच हातून झालं.

"मरनाऱ्याचा हात धरून फादर सांगतात, भिऊ नको," ती म्हणाली. "आता त्यांना कोन सांगनार? मी सोताच भ्यालेय."

तेवढ्यात नर्सने तिला घाईने आत बोलावलं. तिचे पाय हलेनात. मी धरून दारापर्यंत नेलं. काचेतून दिसलं, तिने फादरचा हात घट्ट धरला होता. वाकून ती त्यांच्याशी बोलत राहिली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "गेले," एवढंच म्हणाली.

आणि लगेच माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक आली. मला बाकावरून उठवेना.

तिने डोळे पुसले आणि माझ्या दंडाला धरलं. "चल बाय, मी येते संगती."