एल्वीचा काळा घागरा

एल्वीनं नवऱ्याचं सुतक धरलं तेव्हा नवरा ठणठणीत होता. समुद्रापलीकडे तुर्कूत एका बेकरीवाल्या फिनिश बाईच्या घरी बसून लोणी लावलेला पाव हाणत होता. हे अख्ख्या किह्नू बेटाला माहीत होतं आणि एल्वीला तर सगळ्यांच्या आधी.

मी लीसू, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक दगडी कुंपण आहे, पण ते चाळीस वर्षांपूर्वी पडलं ते पडलंच. त्यामुळे मी जे सांगतेय त्यात ऐकीव काही नाही.

एल्वी म्हणजे बुटकी, रुंद, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि बुडाखाली कायम ती बाजूला डबा जोडलेली जुनी रशियन मोटरसायकल. आमच्या बेटावर पुरुष म्हणजे पाहुणे. आज समुद्रावर, उद्या परदेशात, परवा व्होडकात. मेंढ्या, बटाटे, ट्रॅक्टर, छपराची गळती सगळं बायकांच्या गळ्यात. एल्वीनं एकदा किनाऱ्यावरच्या पार्नू शहरातून आलेला नवा पाद्री आणि विकत घेतलेलं डुकराचं पिल्लू एकाच फेरीत, एकाच डब्यात बसवून आणलं होतं. पाद्रीबाबांनी त्यावर आजतागायत चकार शब्द काढलेला नाही. पिल्लानं मात्र वाटभर गाव डोक्यावर घेतलं होतं.

तिचा नवरा टोनिस. देखणा, हातात कसब असलेला, आणि कण्यानं जरा मऊ. नव्याण्णव साली जहाजांच्या वेल्डिंगला म्हणून तुर्कूला गेला. नाताळला आला नाही. मार्चमध्ये पत्र आलं. समुद्र गोठला होता, बोट बंद, तेव्हा टपाल बर्फावरून गाडीनं आलं. एल्वी त्या वेळी अंगणात मेंढी गुडघ्यात दाबून लोकर कापत होती. तिनं तसंच उभ्या उभ्या पत्र वाचलं, घडी घालून चोळीत खोचलं आणि उरलेली अर्धी मेंढी भादरली. मेंढीला एक ओरखडा नाही. मी कुंपणाच्या दगडावर बसून बघत होते. मला वाटलं, विजेचं बिल असेल.

मग नऊ दिवस ती मागावरून उठली नाही. फटाक फटाक आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

आमच्याकडे बाईला 'कशी आहेस' असं विचारायची पद्धत नाही. घागरा बघायचा. पोरीसोरींचा लालभडक, संसार अंगावर येतो तसतशा त्यात काळ्या-निळ्या पट्ट्या वाढत जातात, आणि घरात कुणी गेलं की लाल धागा साफ बंद. पुढे दुःख ओसरेल तशी आधी निळी रेघ, मग जांभळी, मग भीत भीत एखादी लाल. दहाव्या दिवशी एल्वी चर्चमध्ये आली ती पायघोळ काळ्या घागऱ्यात. एक रेघसुद्धा नाही.

पाद्रीबाबा तिच्याजवळ आले आणि हळूच विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, टोनिस. अहो, त्याच आठवड्यात टोनिसनं त्यांना तुर्कूहून नाताळचं शिळं शुभेच्छापत्र पाठवलं होतं. जिवंत माणसासाठी मृताची प्रार्थना म्हणणार नाही असं त्यांनी ठणकावलं. एल्वीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. मेणबत्त्या तिनं घरून आणल्याच होत्या.

चाळिसाव्या दिवसाचं जेवणही तिनं घातलं. आम्ही जावं की न जावं? आम्ही गेलो. कोबी घातलेला मेंढीचा रस्सा होता, धुरावलेली ईल मासळी होती, कोण सोडतंय? आता जेवायला बसलं की मेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायचे असतात. सुरुवातीला सगळ्यांनी नुसता रस्सा ओरपला. मग कुणीतरी म्हणालं, जाळी फार सुंदर विणायचा हो. दुसरा म्हणाला, आवाज चांगला होता. दोन पेले पोटात गेल्यावर मंडळी खरंच हळवी झाली आणि टोनिस किती गुणी होता यावर एकमत झालं. एल्वी वाढता वाढता मध्येच दुरुस्ती करायची. घोरायचा, म्हणाली. पायाची नखं स्टोव्हपाशी कापायचा.

खरी पंचाईत झाली ती टोनिसच्या आईची. अकुलीना म्हातारी सुनेबरोबर एकाच छपराखाली राहायची. पोरगा जिवंत, सून सुतकात, आता हिनं नेसायचं काय? म्हातारी बेरकी. वर लाल-काळ्या पट्ट्यांचा रोजचा घागरा, आणि सून समोर आली की त्यावर हातभर लांब काळं ॲप्रन. सून मेंढ्यांकडे गेली की ॲप्रन खुंटीला. मला म्हणाली, ज्याला जन्म दिला तो तुर्कूत आहे, पण ही मला बटाटे वाढते.

वर्षभरानं एल्वीच्या घागऱ्यात निळी रेघ आली, पुढे जांभळी, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बाई अशा काही लालभडक घागऱ्यात फिरायला लागल्या की लग्नाच्या पोरी नाकं मुरडायच्या. पहिला तो काळा घागरा तिनं झटकून, उन्हात टाकून, पेटीत ठेवला. पण लोकर चांगली, काम घट्ट, पेटीत किती दिवस राहणार? खरं तर प्रत्येकीनं आपला काळा घागरा आधीच विणून ठेवायचा असतो. पण एक तर आळस, दुसरं म्हणजे आधीच विणला तर यमदूताला आमंत्रण धाडल्यासारखं वाटतं. तेव्हा कुणाच्या घरी अचानक कुणी गेलं की पोर धावत यायचं एल्वीकडे. ती द्यायची. कंबर उसवायची, आत घ्यायची, परत यायचा तेव्हा कधी त्याला धुराचा वास, कधी माशाचा. गावात कोण गेलं हे घंटेआधी त्या घागऱ्यावरून कळायचं.

आणि चौथ्या वर्षी मे महिन्यात, मासळी भरात असताना, बोटीतून टोनिस उतरला.

हातात एक बॅग. केस पांढरे. बेकरीवालीनं हाकललं की तोच निघाला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळावं म्हणून मी कमी प्रयत्न केले नाहीत. धक्क्यावर पंधरा-वीस माणसं होती. एकानंही 'आलास का' म्हटलं नाही. म्हणणार कसं? आम्ही त्याचं चाळिसाव्याचं जेवण जेवलो होतो. माझा हात तर आपोआप क्रूसाची खूण करायला कपाळाकडे गेला. एल्वी मैद्याची पोती न्यायला आली होती. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, तीनही पोती डब्यात रचली आणि गाडीला किक मारली. त्यानं विचारलं, मी कुठे बसू? ती म्हणाली, डबा भरलाय. गाडी सावकाश गेली, हे मी मुद्दाम सांगते, आणि तो बॅग घेऊन धुळीतून मागे मागे चालत गेला.

अकुलीनानं दारातच पोराला ओल्या माशानं थोबाडलं आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली. काळं ॲप्रन त्या दिवशी चुलीत गेलं. एल्वीनं त्याला जाळ्यांच्या खोपटात गादी टाकून दिली. तिथे तो दीड वर्ष राहिला. दुसऱ्या थंडीत खोकला धरला तेव्हा तिनं त्याला घरात घेतलं, स्टोव्हपासून लांबच्या कोपऱ्यात. एवढं मात्र खरं, की तुर्कूत तो पाव भाजायला शिकला होता. राय धान्याचा काळा पाव असा भाजायचा की दोन घरं पलीकडे माणसं अंथरुणातून उठायची. एल्वी तो पाव खायची, बोटानं चुरा टिपायची, आणि चांगला झालाय असं चुकूनही म्हणायची नाही. त्या फिनिश बाईनं एवढंच एक धड केलं, असं मला म्हणाली.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. अकुलीना गेली, तिच्यासाठी एल्वीनं तोच काळा घागरा नेसला आणि मनापासून नेसला. ही नवराबायको भांडत नव्हती. बोलायची बटाट्यांबद्दल, हवेबद्दल, मोटरसायकलच्या प्लगबद्दल. तो तिच्या गाडीचं इंजिन पुसून लख्ख ठेवायचा. तो मात्र पुढे कधीही डब्यात बसला नाही. तिनंही बस म्हटलं नाही.

मग खोकला छातीत उतरला. पार्नूच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि त्याला घरी जायला सांगितलं. त्या शरद ऋतूत टोनिस एक दिवस माझ्याकडे आला. पडक्या कुंपणावरून येताना दोनदा थांबून दम घेतला. मला वाटलं, औषध हवं असेल. बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं,

"लीसू, घागरा सध्या कुणाकडे आहे?"

मी म्हटलं, शाळेजवळच्या हेल्गाकडे, तिचा दीर गेला ना. मग तो बोलायला लागला. म्हणाला, या गावात मी सगळ्यांसाठी तो घागरा निघालेला पाहिलाय. दारू पिऊन ओहोळात बुडालेल्या पेओसाठी निघाला. ज्याच्याशी बायको वीस वर्षं बोलत नव्हती त्या म्हाताऱ्यासाठीसुद्धा निघाला. मी गेल्यावर ती लाल घागऱ्यात चर्चला येणार, आणि सगळा गाव ते बघणार. माणूस मेला आणि घरात काही कमी झालं नाही, असं दिसणार.

मी म्हटलं, तिलाच विचार की. विचारलं, म्हणाला. ती काय म्हणाली तेही त्यानं सांगितलं, तिच्याच आवाजात:

"तुझं सुतक मी एकदा फेडलंय टोनिस. एका माणसाचं दोनदा नाही."

मी त्याला कॉफी दिली. आणि खरं सांगते, मला एल्वीचा राग आला. चार वर्षांचा गुन्हा, पंधरा वर्षं पाव भाजले, आणखी किती नाक रगडायचं माणसानं? मी तिला हे तोंडावर सुनावलं. ती म्हणाली, तुझ्या गाईकडे बघ, कासेला सूज आलीय. सूज खरंच आली होती.

फेब्रुवारीत माझी आई गेली. ब्याऐंशी वर्षांची होती, झोपेत गेली. घागरा हेल्गाकडून माझ्याकडे आला. हेल्गा लांबुडकी, मी आखूड, तेव्हा मी खालून चार बोटं दुमडून टाके घातले. आईचे चाळीस दिवस व्हायला बारा दिवस उरले असताना टोनिस गेला.

दुकानात दुसरा विषय नव्हता. एल्वी काय नेसणार? मेलेल्या माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. सगळ्यांचा जीव घागऱ्यात अडकलेला. बायका दोन तटांत वाटल्या गेल्या. एकमत एवढ्यावरच, की लवकर जाऊन चर्चमध्ये पुढची जागा धरायची.

अंत्यविधीच्या सकाळी मी चूल पेटवत होते. बाहेर मोटरसायकल थांबली. कुंपणावरून दहा पावलं असताना ही बया गाडी घेऊन आली होती. दार न वाजवता आत आली. अंगावर तो लालभडक घागरा. मनात म्हटलं, गेला बिचारा तसाच.

ती दारात उभी राहिली आणि म्हणाली,

"लीसू, घागरा काढ."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, अगं, आईचे नऊ दिवस राहिलेत. ती म्हणाली,

"तुझी आई समजूतदार होती. तो नव्हता. काढ."

मी काढला. काय करणार? स्वतःच्या स्वयंपाकघरात आतल्या परकरावर कुडकुडत उभी राहिले आणि तिनं माझे टाके दातानं तोडले, घागरा झटकला आणि आपल्या लाल घागऱ्यावरून चढवला. कमरेला बसेना. ज्या वर्षी विणला त्या वर्षीची कंबर आता कुठली? मी सेफ्टी पिन आणून दिली, एक पुरेना, दोन दिल्या. पिना तिला काही लागेनात. म्हणून मीच लावल्या.

मी म्हटलं, तूच म्हणालीस ना, एकदा पाळलंय म्हणून.

"तेव्हा राग होता गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तेच सुतक."

आणि माझ्या खुर्चीवर बसून रडली. असं रडताना मी तिला तिच्या आईच्या वेळी, सासूच्या वेळी, पत्राच्या वेळी, कधीच पाहिलं नव्हतं. त्याला सांगायला हवं होतं, एवढंच म्हणत होती. मग नाक पुसलं आणि मला म्हणाली, चल, उशीर होतोय, डब्यात बस.

आता मी काय नेसणार? माझ्या पेटीत होतं त्यातलं सर्वांत काळपट काढलं, तरी त्यात मेल्या तीन लाल पट्ट्या होत्याच. अख्खा गाव एल्वीला बघायला पुढच्या रांगांत बसला होता आणि प्रार्थना संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. आई जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत आणि ही बघा, असं. अजून मला कधीमधी ऐकवतात.

याला तीन वर्षं झाली. तिच्या घागऱ्यात अजून निळी रेघ नाही. पिना मात्र काढल्या. कमरेला तिनं नवा पट्टा विणून जोडलाय. परवा टपालवाल्या बाईंचा भाऊ गेला, तेव्हा त्या सवयीनं एल्वीकडे घागरा मागायला गेल्या. एल्वी मेंढी भादरत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्ही विणा आता, हा वापरात आहे.