ऱ्होनच्या हिमनदीवरून बाबा परत फिरले

आई गेल्यावर मी बाबांना साताऱ्याहून अमेरिकेत, एडिसनला आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस आमच्या खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत राहायचा. बोलणं जवळजवळ बंद. त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा हिमनदी काढली असेल, पण प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. म्हणून मी स्वित्झर्लंड बुक केलं. नवऱ्याला रजा मिळाली नाही, त्यामुळे निघालो तिघंच: मी, बाबा आणि माझी सोळा वर्षांची ईरा.

ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. उन्हाळ्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंट हिवाळ्यातच शोधायला लागा. आमच्या जवळच्या नुअर्क विमानतळावरून झुरिकला थेट विमान आहे.

झुरिकमध्ये पाऊस. तलावातल्या बोटीतून डोंगर दिसतात म्हणे. आम्हाला ढग दिसले. रात्री रोश्टी मागवली. बटाट्याचा कीसच तो, पण बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. जेवण महाग आहे, तेव्हा सुपरमार्केटमधून ब्रेड-दही आणा आणि घरून चटणी न्या.

दुसऱ्या दिवशी गाड्या बदलत आन्डरमाटला गेलो. तिथून पिवळी बस फुर्का घाट चढते. तिची जागा आधी राखून ठेवा आणि घाटात गाडी लागत असेल तर गोळी घ्या. वाटेत बाबा पहिल्यांदा खिडकीकडे सरकले. "यू आकाराची दरी," ते ईराला म्हणाले, "बर्फाने कोरलेली." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, जमलं.

ऱ्होनच्या हिमनदीपाशी उतरलो, तर समोर मळकट पांढऱ्या चादरी. बर्फ वितळू नये म्हणून उन्हाळ्यात तिच्या टोकावर पांघरूण घालतात. खाली करडं तळं, वर उघडा खडक. चादरींखालून बर्फात कोरलेल्या बोगद्यात शिरलो. आत निळा उजेड आणि सगळीकडून टपटप. स्वेटर आणि टोपी हवीच. सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत बाबांनी भिंतीला हात लावला आणि ओला तळवा बराच वेळ बघत राहिले.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "आवडलं का?"

"छान आहे. पण उशीर झाला यायला." मग म्हणाले, "इथून मुंबई जवळ पडेल ना गं? मला परस्पर जाऊ दे."

"बाबा, तिकडे एकटे काय करणार?"

"तुझ्याकडे मला काही कमी नाही. पण काही कामही नाही. घर बंद आहे. तिथे निदान दार उघडेन सकाळी."

मी भडकले. तुमच्यासाठी एवढं केलं, असं भर गर्दीत बोलूनही बसले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ईराच म्हणाली, "मॉम, स्टॉप. ही इज सो सॅड विथ अस." हे मला दिसत नव्हतं असं नाही.

पुढचे डोंगर, केबल कार, सगळं कॅन्सल केलं. झुरिकला परत येऊन त्यांचं मुंबईचं तिकीट काढलं आणि साताऱ्याच्या मामांना विमानतळावर यायला सांगितलं. सिक्युरिटीपाशी बाबांनी ईराच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "रागावू नकोस." मी रागावले नव्हते. घाबरले होते. ते गर्दीत शिरले, वळून पाहिलं नाही.

आता मी परत एडिसनमध्ये आहे. फोनवर बाबा थोडं जास्त बोलतात. खोकतातही. डबा लावलाय, बरा असतो म्हणतात, पण आवाजावरून बरा वाटत नाही. स्वित्झर्लंडला जरूर जा. आईवडिलांना न्यायचं असेल, तर त्यांचे पाय चालतात तोवर न्या.

परवा इथल्या ओक ट्री रोडवर, देशी दुकानात भाजी घेताना शेजारच्या काकू भेटल्या. "बाबा दिसत नाहीत हल्ली?"

"घरी गेले," मी म्हणाले.

त्या "बरं" म्हणून पुढे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. वर्षभर तर मी त्यांना इथली आमची जागा दाखवून सांगत होते, की बाबा, हे तुमचंच घर आहे.