तो "एक भाऊ" कोण, ते आज कळलं

मंडळीतल्या सगळ्यांनो, आज रागातच लिहितोय.

आपली पारोळ्याची प्रार्थना दुपारी फोनवर होते. मी सुरतेहून, कारखान्याच्या जिन्यात बसून ऐकतो. पापाची गोष्ट आली की आपण सगळे "एका भावासाठी प्रार्थना करा" म्हणतो. नाव कोणी घेत नाही.

आज शमुवेलभाऊ रडत म्हणाला, "ज्याची दारू सुटावी म्हणतो ना, तो भाऊ मीच शे. काल परत प्यालो."

प्रार्थना चालवणाऱ्या नानांनी त्याचा आवाजच बंद केला. वर म्हणे, "बाहेरचे ऐकतात, मंडळीचं नाव खराब होतं."

म्हातारी मार्थाअक्का कडाडली, "मंग मना बी आवाज बंद कर, नाना! सूनले छळणारी ती 'एक बहीण' बी मीच शे. शमुवेल, आज मना घर जेवाले ये."

नानांनी घाईघाईने आमेन म्हणून फोन ठेवला.

नाना, तुम्हाला मंडळीच्या नावाची पडलीय, माणसाची नाही. आणि बाकीच्यांनो, तेव्हा गप्प होतात, आता ग्रुपवर हात जोडलेली चित्रं कसली टाकताय?

आज अक्का त्याला जेवू घालेल. उद्या संध्याकाळी त्याचे पाय दारूच्या दुकानाकडे वळतील, तेव्हा सोबत कोण असणार?

"एक भाऊ जाईल" असं लिहू नका. नाव लिहा.