तोंडची वाफ

तासगावजवळच्या आमच्या गावात इमाम पेंटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मालकांची नावं रंगवायचा. अक्षर जितकं मोठं मागितलं, तितका मालक खुजा, असं तो म्हणे. तो चुकल्याचं आठवत नाही.

फौजेतला मानसिंग सुट्टीवर येताना छावणीतली इंग्रजी चित्रकथांची पुस्तकं आणायचा. इमामला इंग्रजी येत नव्हतं. चित्रातल्या माणसांच्या तोंडापाशी पांढरे फुगे बघून तो म्हणाला, "थंड मुलखातली हायत. बोलताना वाफ येतीया." त्यात बोललेलं लिहितात, हे मानसिंगनं समजावलं. इमामनं ऐकलं, शब्द मात्र 'वाफ' हाच ठेवला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात एकच विहीर जिवंत होती. महारवाड्यातली बनाबाई आणि इतर बाया लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. आमच्या गावची दया उशिरा उठायची, न्याहारी करून यायची.

इमामनं विहिरीसमोरच्या चावडीच्या भिंतीवर चार चौकटी रंगवल्या. पहिल्या तीनांत रिकाम्या घागरी. चौथीत सरपंच दादासो, पोट आधी, माणूस मागनं. त्याची वाफ : "थांबा."

गाव पोट धरून हसलं, आणि पाणी भरून घरी गेलं.

जिल्ह्याचे साहेब येणार म्हटल्यावर दादासो इमामकडं आला.

"इमाम, चित्र ऱ्हाऊ दे. लिवलेलं बदल. विहीर समद्यांची हाय, असं लिव."

"खरंच लिवू, दादासो?"

"लिव की गड्या! तोंडची वाफ ती. आपलं काय जातंय?"

साहेबांनी भिंत मोठ्यानं वाचली, हार घेतला, जीपमध्ये बसले. धूळ खाली बसायच्या आत बनाबाई काठावर चढली.

"ए बने, कुठं?" दादासो खेकसला.

"तुमीच म्हंताय न्हवं? सायबानं वाचलं की." तिनं घागर आत सोडली.

जीप अजून दिसत होती. दादासो दातओठ खात इमामकडं वळला. "मला पूस त्या भितीवरनं. आत्ता!"

इमामनं चुना घेतला. पोट पुसलं, फेटा पुसला, पायताणं पुसली. वाफ तेवढी ठेवली.

"आन ते?"

"तुमाला पुसाय सांगितलंसा. पुसलं. आता ते कुनाचं हाय, मला काय ठावं? 'ते पूस' म्हना, पुसतो."

सगळं गाव बघत होतं. तेवढे दोन शब्द बोलायला दादासोला स्वतःचं तोंड लागलं असतं.

बनाबाईनं दुसरी घागर सोडली.