क्लेमेंटकाकांच्या ओट्यावरची घासाघीस

क्लेमेंटकाकांची नक्कल करायला फार काही लागत नाही. खांदे थोडे वर घ्यायचे, मान त्यात बुडवायची, खालचा ओठ पुढे काढायचा आणि म्हणायचं, "आपल्याला काय." सूर मात्र तीन आहेत. शेजारी भांडण चाललं असेल तर खालचा, भिंतीला कान लावून म्हणतात तसा. निवडणूक असेल तर मधला. आणि आळीतली माणसं नळाच्या पाण्याचा अर्ज घेऊन सहीला आली की अगदी वरचा, दार लावता लावता. मला तिन्ही येतात.

काका अंधेरीला एका औषधाच्या कंपनीत स्टोअरकीपर. वीस वर्षं वसईहून तीच लोकल गाडी, तीच खाकी पिशवी, तिच्यात डबा आणि पाण्याची बाटली. घरी आल्यावर ओट्यावर बसून आधी डावा बूट काढायचे, मग उजवा. मार्गारेटकाकू म्हणायची, "आमच्या घरात माझ्यापेक्षा घड्याळ जास्त बोलतं, आणि मी ह्यांच्यापेक्षा."

पण रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की ह्याच माणसाला कंठ फुटायचा. पाचूबंदरची कमळी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आळीत शिरायची ती थेट त्यांच्या ओट्यावर.

"कमळे, हे बोंबील माझ्या बाप्तिस्म्याला आले होते वाटतं."

"तुमच्या बाप्तिस्म्याला माझी आजी आली व्हती टोपली घेऊन. तवाबी तुमच्या बापानं दोन फुकट मागितलेलं."

"मग तू पण ठेव दोन."

"ठेवते. टोपलीबी ठेवते. तुमीच बसा इकत, मी जाते आत काकूंसंगं चा प्यायला."

अर्धा तास हे चालायचं. आळीतल्या बायका आपापली ताटली घेऊन उभ्या राहायच्या, घाई कुणालाच नसायची. शेवटी कमळी दोन बोंबील त्यांच्या ताटलीत आपटायची, "घ्या, मरा," म्हणायची आणि काका असे हसायचे की दातांतली फट दिसायची.

ब्याऐंशीच्या जानेवारीत, एका मंगळवारी संध्याकाळी, गाडीत खून झाला. भाईंदरला एक पोरगा चढला. दारात उभ्या असलेल्या दोघांनी त्याला आत सरू दिलं नाही, तोंडातोंडी झाली, आणि खाडीच्या पुलावर एकाने चाकू काढला. वसई आली तेव्हा पोरगा दारातच पडला होता. माणसं उतरून घरी गेली.

घरी गेली आणि बोलायला लागली. आमच्या आळीतून त्या वेळी अंधेरी-दादरहून परतणारे सातजण. पण आपण त्याच डब्यात होतो म्हणणारे चौदाजण निघाले. बॅप्टिस्ट मास्तर गणित शिकवतात, त्यामुळे त्यांचा चाकू मोजलेला. "सात इंच. पातं सात, मूठ वेगळी. माझ्यापासून चार फुटांवर." फ्लॉसीबाई तर गाडीत नव्हत्याच, पण त्यांचा दीर होता म्हणे. "माझा दीर मधे पडणार होता, पण त्याच्या हातात अंडी होती." मंगळवारी चाकू होता, गुरुवारी सुरा झाला, रविवारच्या मिस्सेपर्यंत मास्तरांचे सात इंच कधीच मागे पडले होते. मी घरोघर फिरून ऐकत होते आणि रात्री जेवताना आमच्या घरी सगळ्यांच्या आवाजात सांगत होते. हसून हसून आईला ठसका लागायचा.

क्लेमेंटकाका एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी ते पिशवीशिवाय घरी आले आणि काकूला म्हणाले, गाडीत विसरली. त्यांना काही विचारलं की, "आपल्याला काय." खालच्या सुरात.

शनिवारी आम्ही देवळात कन्फेशनला, फादरांपुढे पापं कबूल करायला, रांगेत होतो. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. कोण किती वेळ गुडघे टेकून आहे, हे आमच्याकडे सगळे बघतात. न बघितल्यासारखं करून बघतात. क्लेमेंटकाकांचं कन्फेशन म्हणजे दोन मिनिटांचं काम. त्या शनिवारी ते वीस मिनिटं उठले नाहीत. माझ्यामागे फ्लॉसीबाई कुजबुजल्या, "ह्याने एवढं पाप केलं कधी?" उठल्यावर ते शेवटच्या बाकावर बसले आणि अख्खी रोझरी, म्हणजे माळेचा जप, संपवूनच घरी गेले.

खून झालेला पोरगा कमळीचा पांडू होता, हे सगळ्यांना तोवर कळलं होतं. एकुलता एक. भाईंदरच्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. हे कळल्यावर गोष्टी थांबल्या का? नाही, त्या गोड झाल्या. पोरगा कसा शांतपणे गेला, जाताना त्याने आईचं नाव घेतलं, मास्तरांनी त्याचे डोळे मिटले.

पंधरवडा उलटून गेल्यावर कमळी आली. डोक्यावर टोपली नव्हती. टोपलीशिवाय ती इतकी बुटकी दिसली की आधी मी ओळखलंच नाही.

"त्या दोगांना धरलंय," ती मास्तरांच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली. "पन पोलीस बोलतात, पायलेला मानूस आना. बाजारात बोलले, ह्या आळीत लय जनांनी पायलंय. मास्तर, तुमी व्हता ना?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "होतो म्हणजे… पुढच्या डब्यात होतो, कमळे. आवाज ऐकला."

फ्लॉसीबाईंचा दीर अर्नाळ्याला गेला होता, कधी येईल सांगता येत नव्हतं. कमळी दहा घरं फिरली आणि चौदाचे शून्य झाले. क्लेमेंटकाकांचा ओटा शेवटचा. काकू बाहेर आली, म्हणाली, ह्यांना बरं नाही, झोपलेत. खिडकीचा पडदा हलला तो मी पाहिला. पडदा काय, वाऱ्यानेही हलतो, असं मला तेव्हा वाटलं.

महिन्याभराने कमळी पुन्हा टोपली घेऊन यायला लागली. पोट कुणाला सुटलंय. रविवारी काका मिस्सेनंतर शेतावर जायला लागले, केळी बघायला. केळी इतकी बघावी लागत नाहीत.

ईस्टरच्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही पोरं आमच्या अंगणात जमलो होतो. मी आळीतला एकेक माणूस गाडीतून उतरवून दाखवत होते. उंबऱ्याशी एक पाट आडवा ठेवला होता, तो पांडू. हे आता लिहायचीही लाज वाटते, पण तेव्हा आम्ही खिदळत होतो. मास्तर पाटाजवळ वाकून मोजमाप घेतात, फ्लॉसीबाई अंडी सांभाळतात. मग कुणीतरी म्हणालं, "क्लेमेंटकाका." मी खांदे वर घेतले, मान बुडवली, काखेत पिशवी धरली, "आपल्याला काय, आपलं स्टेशन आलं," म्हणाले आणि पाट ओलांडला.

कुणी हसलं नाही. कुंपणापलीकडे काका उभे होते, केळीचं पान हातात घेऊन. ते माझ्याकडे बघत नव्हते. पाटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. काका शेतावर गेले नाहीत. कमळी आली तेव्हा ते ओट्यावर बसून होते. आम्ही सगळ्या ताटल्या घेऊन उभ्या.

"कमळे," ते म्हणाले, "मी होतो त्या डब्यात."

कमळीने टोपली उतरवली नाही.

"दोघांचीही तोंडं मी पाहिली. दाखवली तर आजही ओळखीन. तुझ्या पोराने पाणी मागितलं. पिशवीत माझी बाटली होती. सगळे उतरत होते, मीपण… त्याला ओलांडून उतरलो. प्लॅटफॉर्मवर आल्यावर पिशवीच टाकून दिली."

"इतके दीस कोनाला बोलला नाय?"

"बोललो. त्याच शनिवारी, फादरांना, कन्फेशनमधे. फादर म्हणाले, एक रोझरी म्हण आणि चौकीत जा. रोझरी मी तिथेच म्हटली. चौकीत उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. देवाला सांगितलंय, असं वाटायचं. ओझं उतरल्यासारखं."

कमळीने टोपली उतरवून शेजारच्या आमच्या ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "देव तं व्हताच तिथं, दादा. त्यानं पायलंच व्हतं. त्याला काय सांगायचं?"

तसेच ते दोघं चौकीत गेले. टोपली आमच्या ओट्यावर राहिली, आईने तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं. दुपारी परत आले तेव्हा कमळी पुढे आणि काका दहा पावलं मागे. साक्षीला कुणी नाही म्हणून त्या दोघांना मार्चमध्येच सोडलं होतं. एक कुठे गेला पत्ता नाही, दुसरा गावाला, तोही खरा पत्ता होता की नाही कुणास ठाऊक. हवालदाराने काकांचा जबाब लिहून घेतला आणि विचारलं, "तीन महिने झोपला होता काय?" काका पुढे कितीदा चौकीत गेले, रजा घालून गेले. दर वेळी तेच, सापडले की कळवू.

आळीने मात्र त्यांना सोडलं नाही. मास्तर म्हणाले, "मी असतो तर त्याच रात्री गेलो असतो." हे मास्तर ज्या आवाजात म्हणाले तो मला हुबेहूब येतो, पण मी कुणाला करून दाखवलेला नाही.

कमळी अजून येते. मास्तरांच्या ओट्यावर बसते, फ्लॉसीबाईंच्या घरचं पाणी पिते, त्यांच्याशी भांडते. क्लेमेंटकाकांच्या ओट्यावरही येते. काका ताटली पुढे करतात, ती मासळी ठेवते, काका देतील ते पैसे न बघता कमरेला खोचते आणि उठते. अर्ध्या तासाचं काम अर्ध्या मिनिटात होतं.

गेल्या रविवारी काकांनी प्रयत्न केला. घसा खाकरला आणि जुन्या आवाजात, म्हणजे जवळजवळ जुन्या आवाजात म्हणाले, "कमळे, हे बोंबील माझ्या बाप्तिस्म्याचे दिसतात."

कमळीने वर पाहिलं नाही. टोपलीतून आणखी दोन बोंबील काढले, आपटले नाहीत, हळूच त्यांच्या ताटलीत ठेवले आणि टोपली उचलून पुढच्या घराकडे गेली.